सुरवंटाची लव

तिने ओल्या कागदावर कुंचल्याचं टोक टेकवलं आणि तपकिरी रंग सुसाट पळाला. सुरवंटाच्या पाठीवर लव उमटायची, तिथे चिखलाचं डबकं झालं. सकाळपासून तिसरा कागद वाया गेला. आधीच्या दोन्हींवर उलटी तऱ्हा होती. पाणी वाळून गेलं होतं आणि सुरवंटाच्या अंगावर केसांच्या जागी खिळे उभे राहिले होते.

"झालं! बसा आता बोंबलत," ती स्वतःलाच म्हणाली.

मुलांच्या पुस्तकांसाठी तिने जन्मभर केसाळ जीव रंगवले. खारी, ससे, वटवाघळं, अस्वलाची पिल्लं. रीत एकच. आधी नुसतं पाणी फिरवायचं आणि हातावर हात ठेवून बसायचं. पाण्याची चकाकी विझली, पण कागद अजून ओलसर आहे, नेमक्या त्या घटकेला कुंचला टेकवायचा. मग रंग आपणहून केसाकेसाने पसरतो. घाई केली की डबकं, उशीर केला की खिळे.

सुरवंटांच्या पुस्तकाचं हे शेवटचं पान, आणि ते न्यायला उद्या माणूस येणार होता. पण पानाचं एक वेळ राहू दे. ती चकाकीच डोळ्यांना दिसेनाशी झाली, तर आपल्यातली चित्रकार संपली. डोळे वर्षभरापासून कुरकुरत होते, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तरी कालपर्यंत सगळं जमत होतं ना? मग आजच काय धाड भरली?

त्यातून आज घरात चिटपाखरू नव्हतं. नवऱ्याला मुलगी डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. म्हातारा हल्ली विसरायला लागला होता. चहाचा कप नुकता खाली ठेवलेला असायचा, आणि हा पेपरातून डोकं काढून विचारायचा, "चहा टाकू का गं?"

"अहो, आत्ताच तर घेतला!" ती खेकसायची आणि कुंचला उचलून पुन्हा कामाला लागायची. तासाभरात चार-चारदा तेच. शेवटी तिने मुलीजवळ डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, बाबांना एकदा दाखवून आण बाई, माझा जीव थाऱ्यावर नाही.

दार उघडलं. मुलगी हसतच आत आली.

"आई, बाबा ठणठणीत आहेत! डॉक्टरांनी सांगितलेले सगळे शब्द उलटे म्हणून दाखवले. वर डॉक्टर चष्मा शोधत होते, तोही यांनीच शोधून दिला."

"मग तो सारखा चहा?"

"विचारलं मी. म्हणाले, सवय आहे."

नवरा चपला काढून आपल्या खुर्चीत बसला. ही खुर्ची पूर्वी दारापाशी असायची. वर्षापूर्वी त्यानेच ती तिच्या टेबलाच्या टोकाला, खिडकीसमोर ओढली होती. पेपराला उजेड बरा पडतो म्हणून. बिघडलेल्या कागदांवरून त्याची नजर फिरली. त्याने पेपर उघडला.

ती खुर्चीकडे बघत राहिली. मग खिडकीकडे. मग तिने नवा कागद घेतला, पाणी फिरवलं आणि हातावर हात ठेवून बसली. तिला कागद नुसता पांढरा दिसत होता, पाणी फिरवण्याआधीही आणि नंतरही. मुलगी काही बोलणार, तोच तिने ओठांवर बोट ठेवलं.

पेपर खाली आला.

"चहा टाकू का गं?"

"बाबा! आत्ताच तर आपण कोपऱ्यावर घेतला!"

तिने कुंचला टेकवला. रंग हळूच पसरला आणि सुरवंटाच्या पाठीवर मऊ, दाट लव उभी राहिली. चकाकी विझताना हा माणूस बघत होता, आणि तिला ती दिसत नाही हे तिला कळू नये म्हणून वर्षभर स्वतः विसरभोळा ठरत होता. केवढं खेकसलो आपण याच्यावर!

डोळे पुसून तिने पुढच्या सुरवंटासाठी पाणी फिरवलं.

"अहो," ती म्हणाली, "जरा वेळाने परत विचाराल?"

"विचारीन की," तो पेपराआडून म्हणाला. "मघाशी विचारलेलं मला कुठे आठवतंय?"