आवक क्रमांक चारशे बारा

"मूळ सात जण कोण, तेवढंच सांगा. इतिहास नकोय मला," तपास अधिकारी म्हणाला.

"इतिहासाशिवाय सात जण सापडायचे नाहीत, साहेब," असं म्हणून भाऊसाहेब फाईल आणायला उठले.

फाईल म्हणजे लाल कापडात बांधलेले चार गठ्ठे. संस्था नोंदणी कार्यालयात भाऊसाहेबांना चौतीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात सरकारं पाच बदलली आणि टेबल एकदा, तेही वाळवीमुळे. समोर सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत आणि पाठीमागे 'दोनप्रती'. कारण कागद एकाच प्रतीत आला, की ते तो न वाचताच परत करत. वाचला असता तर कदाचित दया आली असती, आणि दयेला नियमावलीत कलम नव्हतं.

तीन दिवसांपूर्वी न्यायालयाच्या आवारात स्फोट होऊन एकोणीस माणसं गेली होती. ज्या गटाने जबाबदारी घेतली तो एका गटातून फुटलेला, तो दुसऱ्यातून, आणि दुसऱ्याचं मूळ या गठ्ठ्यांतल्या पहिल्या पानावर. नव्या कायद्याने सभासदत्व न सोडलेल्या मूळ संस्थापकांनाही आरोपी करायची सोय झाली होती. अधिकारी तिशीचा होता. फाईल त्याच्यापेक्षा मोठी होती.

"कुराण वाचन मंडळ," भाऊसाहेबांनी पहिला गठ्ठा सोडला. "उद्दिष्टं तीन. कुराणाचा अर्थ लोकांना त्यांच्या बोलीत सांगणे, प्रौढांना अक्षरओळख, फिरतं वाचनालय. अध्यक्ष, शाळेतले भूमितीचे मास्तर. तेव्हा कॉलेजातली पोरं लाल पुस्तकं वाचायची आणि सरकारला झोप यायची नाही. ही मंडळी धर्मग्रंथ वाचतात म्हटल्यावर सरकारला एवढा आनंद झाला, की मंत्र्यांनी स्वतः येऊन फीत कापली. फोटो आहे. बघता?"

"नको," अधिकारी घाईने म्हणाला. ते मंत्री पुढे कोण झाले, ते त्याला ठाऊक होतं. "बॉम्ब कुठून आला ते सांगा."

"बॉम्ब चौथ्या गठ्ठ्यात आहे. आपण अजून पहिल्यात आहोत."

दुसऱ्या गठ्ठ्यात भूकंप होता. सरकारी मदत नवव्या दिवशी पोचली, मंडळाची घोंगडी दुसऱ्या दिवशी. चाळीस सभासदांचे वर्षभरात चाळीस हजार झाले. मग शेजारच्या देशात परकी फौज घुसली. इथली पोरं तिथे लढायला गेली, तीही सरकारच्या आशीर्वादाने. लढाई संपली. पोरं परतली. आता पुढे काय करायचं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. लढायचं कसं, एवढं मात्र नीट शिकवलं होतं. त्यांनी येऊन मंडळाच्या उद्दिष्टांत दुरुस्ती केली. 'समाज सुधारणे' खोडून 'राज्य हाती घेणे'.

"तिसऱ्यात निवडणूक. हे लोक जिंकायला लागले म्हणून मोजणी थांबवली आणि सगळ्यांना आत टाकलं. आत जाताना भाषणं करणारे होते. आत त्यांचं जे काय केलं ते तुमच्या खात्याला जास्त माहीत."

अधिकाऱ्याने चहाचा कप उगाच फिरवला.

"बाहेर आले ते म्हणाले, जुने लोक भित्रे. त्यांच्यातून जे फुटले ते म्हणाले, भित्रे कसले, मुसलमानच नाहीत. हा चौथा गठ्ठा. यांनी पहिली गोळी कोणाला घातली? मोठ्या मशिदीच्या इमामांना. निरपराध माणसाला मारणं हराम आहे, एवढंच ते शुक्रवारी बोलले होते."

"ठीक. सात जण?"

भाऊसाहेबांनी नावं वाचली. तीन वारले होते, दोघे परदेशात, एक तुरुंगात.

"आणि सातवा तुमचा भूमितीवाला," अधिकारी म्हणाला. "अध्यक्षाचं नाव आमच्याकडे होतंच. त्याला आज सकाळीच घरून उचलला."

गाठ मारता मारता भाऊसाहेबांचा हात थांबला. "मास्तरांना? अहो, ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत! दुरुस्ती झाली त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला होता."

"फाईलमध्ये आहे?"

फाईलमध्ये नव्हता. तो का नव्हता, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्या दिवशी मास्तर याच टेबलापाशी उभे होते. भाऊसाहेब म्हणाले होते, "मास्तर, एकच प्रत आहे." मास्तर म्हणाले, "अहो, मी एकटाच तर बाहेर पडतोय!" भाऊसाहेब म्हणाले, "नियम आहे." मास्तरांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, कागदाची घडी घातली आणि गेले. परत आले नाहीत.

अधिकारी यादी घेऊन गेल्यावर भाऊसाहेबांनी आवक नोंदवही काढली. क्रमांक चारशे बारा. 'मंडळाच्या अध्यक्षांचा राजीनामा. एकच प्रत, सबब परत.' अक्षर त्यांचंच, सुरेख. मग परत करण्याचं कलम नमूद करावं म्हणून त्यांनी नियमावली उघडली. पहिल्यांदा वाचलं. चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचलं. दोन प्रतींचं कलम फक्त नव्या नोंदणीला होतं. राजीनाम्याला सहीचं एक पत्र पुरे, आणि तो पोचल्या तारखेपासून लागू.

चौतीस वर्षं! एका नसलेल्या नियमाशी त्यांनी इतका प्रामाणिक संसार केला होता.

ते वही घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले. साहेबांनी दार लावून घेतलं.

"भाऊसाहेब, ही वही वाळवीने खाल्ली."

"वाळवीने टेबल खाल्लं होतं, साहेब."

"टेबल खाते ती वही नाही खात? चार महिने राहिलेत तुमचे. शाल, नारळ घ्या आणि सुखाने जा. लोक म्हणतील, यांनी दहशतवाद्याला सोडवला."

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मला नवं काय सांगताय? आपल्या लग्नाच्या नोंदीचा अर्जसुद्धा एकच प्रत म्हणून तुम्ही खिडकीवरून परत आणला होतात. सात महिने मी कागदावर कुमारिका होते, आणि पोटाने ही एवढी!"

"चेष्टा नको गं."

"चेष्टा कसली? मास्तरांनी आपल्या थोरलीला भूमिती शिकवली, म्हणून ती इंजिनिअर झाली." तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "उद्या डबा देऊ ना? की निलंबित करतात ते सकाळीच करतात?"

सकाळी डबा घेऊनच ते तपास कार्यालयात गेले. वही आणि नियमावली टेबलावर ठेवून त्यांनी स्वतःच्या हाताने जबाब लिहिला. 'सदर नियम अस्तित्वात नाही. तो मी चौतीस वर्षे लावला. राजीनामा त्याच तारखेपासून ग्राह्य धरावा.'

अधिकाऱ्याने दोनदा वाचलं. "तुमचं काय होईल, कळतंय ना?"

"नियमाप्रमाणे होईल ते होईल. या वेळी वाचून आलोय."

अधिकारी वहीची पानं उलटत राहिला. मग हळूच म्हणाला, "त्या वर्षी असे किती परत पाठवलेत?"

भाऊसाहेबांनी रात्री मोजले होते. "सतरा. दुरुस्तीनंतर बाहेर पडणारे बरेच होते. अकरा जण दोन प्रती घेऊन पुन्हा आले. मास्तर धरून सहा आले नाहीत." त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला. "त्यांतल्या दोघांची नावं चौथ्या गठ्ठ्यात आहेत, गोळ्या घालणाऱ्यांत."

अधिकाऱ्याने वही मिटली.

मास्तर तेविसाव्या दिवशी सुटले. त्यांची लेक परगावाहून निघाली होती. पोचायला संध्याकाळ होणार होती. भाऊसाहेब निलंबित होते, म्हणजे मोकळेच होते. फाटकातून मास्तर बाहेर आले ते एका हाताने विजार सावरत. पट्टा आत कुठेतरी हरवला होता. दोघे बसथांब्याकडे हळूहळू चालू लागले.

"मास्तर," भाऊसाहेब म्हणाले, "तसा नियमच नव्हता हो."

"ठाऊक होतं मला. मंडळाची घटना मीच लिहिली. नियमावली पाठ होती तेव्हा."

भाऊसाहेब रस्त्यात उभे राहिले. "मग बोलला का नाहीत? माझ्या तोंडावर फेकायची होतीत ती नियमावली!"

मास्तर चालतच राहिले. भाऊसाहेबांना मागून यावं लागलं.

"खरं सांगू? कागद परत मिळाला तेव्हा मला हायसं वाटलं. मंडळ माझं होतं. म्हटलं, पोरं आहेत, डोकी गरम आहेत, निवतील. मी घरात बसलो, तोंड मिटून. नावही राहिलं आणि भांडणही टळलं." ते थांबले, धाप लागली होती. "परत तुम्ही केलात, पण घेऊन मी गेलो, भाऊसाहेब."

थांब्यावरच्या बाकावर चौघे बसले होते. एकाच्या हातात पेपर होता. मास्तरांचा फोटो गेले तीन आठवडे पेपरात येत होता. सुटल्याची बातमी अजून आली नव्हती. त्या माणसाने वर पाहिलं, शेजाऱ्याला कोपर मारलं. चौघेही उठले आणि रस्त्याच्या पलीकडे, उन्हात जाऊन उभे राहिले.

बाक चांगला ऐसपैस झाला. मास्तर एका टोकाला बसले. भाऊसाहेबांनी बाकावरची धूळ रुमालाने झटकली आणि ते मास्तरांना अगदी खेटून बसले.