उलटी मांडलेली झाडं

"डॉक्टर समोर आले की काय म्हणायचं?" जिन्यात मध्येच थांबून वहिनींनी पुन्हा विचारलं.

"काय डॉक्टर, दात बरे आहेत ना?" सर शहाण्या मुलासारखे म्हणाले.

"आणि मी खोकले की?"

सरांनी विचार केला. "पाणी आणायचं?"

"अहो, नाही! मी खोकले की तुम्ही गप्प बसायचं." वहिनींनी कपाळाला हात लावला. सकाळपासून घोकून घेतलेलं, आणि परीक्षा दाराशी येऊन उभी.

वर वाचनालयाच्या सभागृहात हौशी फोटोवाल्यांच्या मंडळाची स्पर्धा होती. विषय झाडं, आणि परीक्षक दरवर्षीसारखे सर. त्यांनी उभा जन्म स्टुडिओ चालवला, निम्म्या गावाला कॅमेरा धरायला शिकवलं. आता स्टुडिओ वहिनी सांभाळत होत्या, आणि सरांचं डोकं गळक्या बादलीसारखं झालं होतं. सकाळी भरावं, दुपारी रिकामं. हे वहिनींना ठाऊक होतं आणि लेकीला. तिसऱ्या कुणाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण मूठ झाकून झाकून किती झाकणार? चालू शेगडीवर सरांनी टॉवेल वाळत घातला, तेव्हा लेक रडून, भांडून गेली होती. "आई, आता एकदा जरी बाबा एकटे बाहेर सापडले ना, तर मी त्यांना अशा माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवणार. तुझं ऐकणार नाही."

"अगं, जातात कुठे ते? दुपारी झोपलेले असतात. मी पुढच्या दाराला कुलूप लावूनच स्टुडिओत जाते," वहिनी म्हणाल्या होत्या. तीच लेक रविवारी प्रदर्शनाला येणार होती, वडिलांचा सत्कार बघायला.

या वर्षी नको म्हणावं, असं वहिनींच्या शंभरदा मनात आलं. पण नको म्हटलं की लोक विचारणार, का हो, बरं नाही का सरांना? आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती. पहिल्या फेरीत सगळे फोटो उलटे मांडायचे, ही सरांची जुनी पद्धत. मुळं वर, शेंडा खाली. "सरळ ठेवलं की माणूस झाड बघतो, फोटो बघायचा राहतो," असं ते सांगत. मंडळात त्यांचं नावच 'उलटे सर'. हल्ली घरी ते वर्तमानपत्रही उलटं धरून बसत, आणि वहिनींना बघवत नसे. इथे मात्र उलटं धरलं की लोक माना डोलावणार होते.

दाताचे डॉक्टर, म्हणजे मंडळाचे सचिव, हसत सामोरे आले. "या सर, या वहिनी!"

"काय डॉक्टर, दात बरे आहेत ना?"

"अहो, तो प्रश्न माझा!" डॉक्टर खळखळून हसले. पहिला पेपर सुटला, वहिनींनी मनात म्हटलं.

लांबलचक टेबलावर झाडं डोक्यावर उभी होती. सर टेबलाच्या कडेनं चालू लागले आणि वहिनी बघतच राहिल्या. काय तो हात! हा पालथा, हा राहू दे, हा पालथा. कुठे अडखळणं नाही. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, आहेत की हो माझे सर, आहेत अजून.

तेवढ्यात सर थांबले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपण कुणाकडे आलोय?"

वहिनी जोरात खोकल्या.

"डॉक्टर, हिला पाणी द्या हो," सर कळवळून म्हणाले.

डॉक्टरांनी पाणी दिलं. त्यांना काही कळलेलं दिसलं नाही. वहिनींनी दोन घोट घेतले आणि सरांना खिडकीपासून टेबलाकडे वळवलं.

मग दुसरी फेरी. डॉक्टरांनी उरलेले फोटो सरळ फिरवले, आणि त्यातल्या एकावर वहिनींची नजर गेली.

गावाबाहेरचा मोठा रस्ता. कडेला जुनं, थोरलं झाड. बुंध्याशी एक माणूस बसलेला, तोंड पलीकडे वळवलेलं, पाय पुढे पसरलेले, झाडापुढे इतका लहान की उलट्या फोटोत नजरेत भरलाच नसता. त्याचा एक पाय अनवाणी होता. दुसऱ्या पायात तपकिरी चप्पल, आणि वाकून पाहिलं तर तिचा अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला.

तो दोरा वहिनींनीच ओवला होता.

ती दुसरी चप्पल त्यांनी घरभर शोधली होती, पलंगाखाली, कचऱ्याच्या डब्यात, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर आळ घेऊन झाला होता. चप्पल हरवली त्या दिवशी त्या स्टुडिओतून आल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची कडी निघालेली होती. आपणच विसरलो, म्हणून त्यांनी स्वतःला बोल लावला होता. सर पांघरूण घेऊन पडलेले, तळवे मातीनं भरलेले. परसात गेले असतील, झालं! परसात कुठले? त्या रस्त्यावर ट्रक नुसते सुसाट सुटतात. हे तो ओलांडून गेले कसे आणि परत आले कसे? देव जाणे. आणि त्या दिवसानंतर किती वेळा?

डॉक्टर वळलेले बघून वहिनींनी तो फोटो हळूच बाद फोटोंच्या पालथ्या गठ्ठ्याखाली सारला.

"वहिनी, तो ठेवलेल्यांतला आहे." डॉक्टरांनी तो काढून परत मांडला.

"असं होय? माझं मेलीचं लक्षच नाही," वहिनी कशाबशा हसल्या.

सर नेमके त्याच फोटोपाशी थांबले. वहिनी खोकल्या. सर हलले नाहीत. पुन्हा खोकल्या.

"घसा चांगलाच धरलाय तुमचा. थांबा, खालून गरम पाणी आणतो," म्हणत डॉक्टर जिन्याकडे धावले.

वहिनींनी सरांची बाही धरली. "अहो, हा नको. दुसरा कुठलाही घ्या. माझी शपथ आहे तुम्हाला."

"का? हाच चांगला आहे."

"अहो, लेक बघेल ना! नीट बघा तरी. कोण आहे तो?"

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच भय वाटलं. सर वाकले. नाक फोटोला टेकेल इतके वाकले.

"ओळखीचा नाही गं," ते म्हणाले. "चप्पल हरवलीय बिचाऱ्याची." मग त्यांनी फोटोतल्या रस्त्यावर बोट ठेवलं. "एवढ्या गाड्या. घरी कसा जायचा हा? याच्या घरी कुणी नाही का? अगं, कळवा ना कुणीतरी त्यांना."

वहिनींनी बाही सोडली.

डॉक्टर पाणी घेऊन आले, तेव्हा सरांचं बोट त्या फोटोवर होतं. "पहिला हा."

"वा! का ते दोन शब्दांत सांगाल, सर?"

"झाड मोठं आहे. माणूस एकटा आहे."

"क्या बात है!" डॉक्टरांनी भक्तिभावानं लिहून घेतलं. "प्रदर्शनात दाराशीच लावतो. चालेल ना, वहिनी?"

वहिनींनी गरम पाणी सगळं संपवलं. पदरानं तोंड पुसलं.

"लावा," त्या म्हणाल्या.

मग खिडकीशी जाऊन त्यांनी लेकीला फोन लावला. "रविवारपर्यंत थांबू नकोस. आजच ये... बरे आहेत गं. तुला एक फोटो दाखवायचाय... नाही, दुसऱ्या कुणी नको, मीच दाखवते. आणि तू त्या संस्थेचं म्हणत होतीस ना... ते आल्यावर बोलू."

जिना उतरताना सरांच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली. चप्पल हरवल्यापासून ते बूटच घालत होते. वहिनींनी त्यांना पायरीवर बसवलं आणि स्वतः खालच्या पायरीवर टेकल्या.

"सापडली का त्याची चप्पल?" सरांनी विचारलं.

"सापडली."

"आणि घरी कळवलं?"

"कळवलं," वहिनी म्हणाल्या, आणि नाडीला दुहेरी गाठ मारू लागल्या.