पाठ असलेला तक्ता

सोपानराव माणूस मोठा चिकित्सक. निघोज्याजवळच्या एका कंपनीत ते वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. भिंगाखालून केसाएवढी चीर कधी सुटली नाही. स्वतःच्या डोळ्यातली खोट मात्र सुटली.

झालं असं, की त्या टेबलावर बसायचं तर दरवर्षी नजर तपासून घ्यावी लागे. तक्ता वर्षानुवर्षं तोच. त्यामुळे खालची ओळ, ग र ट न ल, अख्ख्या शिफ्टला तोंडपाठ होती. दोन वर्षांपूर्वी सोपानरावांच्या उजव्या डोळ्यापुढे सावली येऊ लागली. त्यांनी भिंग गुपचूप डाव्या डोळ्याला लावलं आणि तपासणीत उजव्यानं ओळ घडाघडा म्हणून दाखवली. याला आपल्याकडे हुशारी म्हणतात, आणि एवढा घातकी गुण दुसरा नाही.

शेवटी चिखलीच्या घरात ते पायरीवर ठेचकाळले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर अफरीन वयानं लेकीएवढ्या. त्यांनी लपवाछपवी केली नाही. बुबुळामागच्या काळ्या पडद्यात मेलानोमाची, म्हणजे कर्करोगाची गाठ होती. कुसुमताईंनी तोंडाला पदर लावला. सोपानरावांनी विचारलं, हा किती जणांना होतो?

"आपल्याकडे वर्षाला दहा लाखांत एकालाही नाही, काका."

"म्हणजे एक पीपीएमच्या आत," सोपानराव म्हणाले.

कंपनीत दहा लाखांमागे खराब पीस किती, ते असंच मोजत. एवढा चांगला आकडा त्यांच्या लाइनीला कधी मिळाला नव्हता, आणि इथला खराब पीस नेमके तेच निघाले. भीती वाटत होतीच, पण कुतूहल तिच्या दोन पावलं पुढं होतं. गाठ किती मिलिमीटर? जाडी सहा. उपाय काय? फार मोठी असती तर डोळाच काढला असता. ही अजून आटोक्यात होती. बटणाएवढी किरणोत्सर्गी चकती डोळ्याला बाहेरून टाक्यांनी बसवायची, काही दिवसांनी काढायची. डोळा वाचेल, नजरेचं सांगता येत नाही. हा आजार कधी कधी वर्षांनीही यकृतात उतरतो, म्हणून दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. गाठ जितकी लहान सापडेल, तितकी जगण्याची आशा जास्त.

"दोन वर्षांपूर्वी सापडली असती तर?"

"लहान असती," डॉक्टर एवढंच म्हणाल्या. सोपानरावांना त्या रात्री झोप लागली नाही.

चकती बसली, निघाली. सहा महिन्यांनी सोनोग्राफी स्वच्छ आली. मग नजर तपासायला डॉक्टरांनी त्यांचा डावा डोळा झाकला आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितलं. झाकण्याआधी डाव्या डोळ्यानं सोपानरावांनी तो पाहून घेतला होता. अगदी कंपनीतल्यासारखाच.

"ग, र, ट..." सोपानरावांच्या तोंडून आपोआप निघालं.

"तुकोबा पावले," कुसुमताई पुटपुटल्या.

सोपानराव थबकले. उरलेली दोन अक्षरं म्हटली असती, तर संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले गेले असते. मोह झाला. समोर नुसतं धुकं होतं.

"मॅडम, हा तक्ता मला पाठ आहे," ते म्हणाले. "दुसरा लावा. किती दिसतंय ते मला खरंच बघायचंय."

दुसरा लावला. सगळ्यात वरचं मोठं अक्षर त्यांना मान वाकडी करून कसंबसं लागलं. कुसुमताईंचा हात त्यांच्या खांद्यावर आला.

"पुढचं दिसत नाही," सोपानराव म्हणाले. "तसंच लिहा."