वर्गाबाहेरची घंटा

सरांनी अपूर्णांकाचं उदाहरण फळ्यावर सोडवलं, हात झटकले आणि मागे वळून पाहिलं. अडतीसच्या अडतीस मुलं हाताची घडी घालून बसली होती. कुणाची चुळबुळ नाही, की खोडी नाही. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, म्हणजे इतरांना. सरांचा डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता आणि उजवा जेमतेम साथ देत होता. हे फक्त बायकोला ठाऊक आहे, अशी त्यांची समजूत होती. मुलांकडून उत्तरं ते फळ्यावर लिहून घेत, बोलणाऱ्याच्या ओठांवर नजर ठेवत आणि कसाबसा एकेक दिवस ढकलत. शिकवण्यावाचून त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

खूश होऊन त्यांनी पुढचं उदाहरण घातलं. शेवटी न राहवून पहिल्या बाकावरच्या मुलीनं खिडकीकडे बोट दाखवलं. खाली मैदानात सगळी शाळा रांगा करून उभी होती आणि मुख्याध्यापिका हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या.

आगीची घंटा वाजली की बाहेर पडायचा सराव. मी सांगितल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही, हा नियम सरांचाच. खरी आग असती तरी मुलं अशीच बसून राहिली असती.

दुपारी बोलावणं आलं. आता सगळं संपलं, घरी जाऊन काय सांगायचं, याची वाक्यं जुळवत ते कार्यालयातल्या खुर्चीवर टेकले. मुख्याध्यापिकांचा चेहरा मात्र ओशाळलेला होता. त्यांनी मुलांना एकेकट्याला बोलावून विचारलं होतं.

"वरच्या मजल्यावर तुमच्या वर्गाबाहेरची घंटा वाजलीच नाही म्हणे. सगळी पोरं तेच सांगतायत. उद्या माणूस बोलावून बदलून घेते. तुमचा काही दोष नाही, सर."

सरांना हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यात लपवला. अडतीस पोरं, आणि त्यातली निम्मी एरवी एकमेकांच्या चहाड्या सांगणारी. त्यांना हे कधीपासून ठाऊक होतं? आता नुसती मान हलवायची आणि निघायचं, बस. ते उठलेही. दारापर्यंत गेले. तिथून वर जाणारा जिना दिसत होता. अरुंद, एका वेळी जेमतेम दोन मुलं उतरतील एवढाच.

ते परत येऊन खुर्चीवर बसले.

"घंटा बदलू नका, मॅडम," ते म्हणाले. "घंटा चांगली आहे."