सवतीचा टाक

माझं लग्न दुसरेपणावर झालं. पहिली, चांगुणा, विहिरीत पडून गेली होती. रिवाजाप्रमाणे तिच्या नावाचा टाक, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली तिची छोटी प्रतिमा, माझ्या गळ्यात आला. नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, मग आपण नेसायचं. मेली तरी सवतीचा मान पहिला!

माझी शोभा अंगावर पीत होती तेव्हापासून तो टाक तिच्या तोंडात. दूध सुटलं, टाक सुटला नाही. झोपायचीसुद्धा तो चोखतच. पोर गप्प राहते म्हणून मीही चोखू दिला.

एकाहत्तर साली ती चार वर्षांची झाली. वरचे दात पुढे आले, ओठ मिटेनात, हनुवटी मागे गेली. एक दिवस तिच्याकडे बघता बघता माझ्या सासूबाई मटकन खाली बसल्या.

"आगं, ही तर चांगुणाच! तिचं बी त्वांड असंच हुतं."

त्या दिवसापासून शेजारणी माझ्या पोरीला हात जोडू लागल्या. माझ्याशी कधी धड न बोलणारे मालक तिला मांडीवर घेऊन तिच्या दातांकडे बघत बसायचे. मला सवतीची भीती नव्हती. पण पोटची पोर ती नेतेय, या विचाराने मी वेडीपिशी झाले.

शेवटी माहेराचं निमित्त काढून राहुरीहून एसटी धरली आणि श्रीरामपूरला दातांचे डॉक्टर गाठले. ते हसले.

"भूतबित काही नाही, बाई. सारखं चोखून जबडा पुढे आलाय. अजून दुधाचे दात आहेत. सवय मोडा, तोंड बरंचसं जागेवर येईल."

घरी येताच मी टाक काढून देव्हाऱ्यात ठेवला.

"सवत कोपंल!" सासूबाई ओरडल्या.

"माझ्यावर कोपू द्या. लेक माझी हाय."

पोर रडरड रडली, मग विसरली. पाडव्यापर्यंत तिचा ओठाला ओठ लागू लागला. आरशात तिच्या तोंडाशेजारी माझं तोंड धरलं, तर नाकीडोळी हुबेहूब मी! मला हसू आवरेना.

मालक मात्र खंगत चालले. शोभा मांडीवर चढायला गेली, की तिला बाजूला सारायचे. ती कोपऱ्यात जाऊन मुसमुसायची.

एका दुपारी पाणी घेऊन आले, तर देव्हाऱ्यापुढे मालक बसलेले आणि शोभा त्यांच्या मांडीवर. त्यांचा एवढा मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"चोख. चोख, बाय."

"शोभे!" मी ओरडले. तिने वळूनही पाहिलं नाही.

"चांगुणे," मालकांनी हळूच हाक मारली.

टाक दातांत धरूनच तिने ओ दिली.