नळीतलं आभाळ

मागच्या हिवाळ्यात पडताच बर्फ होणारा गोठता पाऊस पडला, तारा तुटल्या, वीज गेली ती परत यायचं नाव घेईना, तेव्हापासून डेलमर हचेन्सच्या डोक्यात तयारीचं खूळ शिरलं होतं. तसं मिसूरीतल्या ओझार्कच्या डोंगरात ते थोडंफार प्रत्येकाच्याच डोक्यात असतं. त्याची बायको नोला हिच्याही होतं. पण तिची तयारी म्हणजे तळघरात घेवड्याच्या नि हरणाच्या मांसाच्या बरण्या, कंदिलाचं तेल आणि पडवीत छपरापर्यंत रचलेलं सरपण. डेलमरची तयारी म्हणजे बंदुका.

कपाट उघडलं की अंगावर पडतील एवढ्या. लिलावात मिळालेल्या, मेहुण्याने दिलेल्या, दुरुस्त करू म्हणून आणलेल्या आणि तशाच राहिलेल्या. प्रत्येकीचं काडतूस वेगळं, आणि निम्म्यांचं तर आता दुकानात मिळतही नव्हतं.

"उद्या डोंगर पेटला नि पळायची वेळ आली," नोला म्हणाली, "तर कपाट पाठीवर घेऊन पळणार आहेस का?"

डेलमरला राग आला, पण बोलणं खरं होतं. मग शरद ऋतूत एका रविवारी, चर्चहून आल्यावर, दोघांनी सगळ्या बंदुका रिकाम्या करून पलंगावरच्या गोधडीवर मांडल्या. कामापुरत्या ठेवायच्या, बाकीच्या विकायच्या. पॉइंट बावीसची छोटी रायफल ठेवायची, यावर वाद नव्हता. खार असो, ससा असो, ती दोघांच्याही हातात बसायची आणि तिच्या गोळ्या कुठेही मिळत. हरणाच्या शिकारीची रायफलही एकमताने राहिली. घोडं अडलं ते छऱ्याच्या बंदुकीपाशी.

छऱ्याची बंदूक डेलमरच्या मनात एकच होती. डॅडींची. एकनळी, बारा बोअरची, डॅडींच्या गालाने दस्ता घासून गुळगुळीत झालेली. डॅडी गेले तेव्हा ती थोरल्या भावाकडे, रॉइसकडे जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं, पण डॅडींनी ती जाताना डेलमरच्या हातात दिली. त्यापायी रॉइस वर्षभर त्याच्या अंगणात फिरकला नव्हता. मग बोलणं सुरू झालं, पण बंदुकीचा विषय निघाला की रॉइस खिडकीबाहेर बघायचा.

नोलाने ती उचलून खांद्याला लावली आणि लगेच खाली ठेवली. तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं होतं.

"हिचा धक्का मला सोसत नाही, डेलमर. मला वीस बोअरची हवी. हलकी."

"मग घेऊ की. तुझी वीस, माझी बारा. त्यात काय!"

"दोन्ही एका घरात नकोत."

"का?"

"का म्हणून मला विचारतोस? लहानपणापासून बंदूक चालवतोस ना?"

डेलमरला माहीत होतं. त्या डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आकडा मोठा असला तरी वीसचं काडतूस बारापेक्षा बारीक. चुकून बाराच्या बंदुकीत पडलं तर घसरत पुढे जातं आणि नळीत रुतून बसतं. मागून बघावं तर बंदूक रिकामी दिसते. माणूस म्हणतो, अरेच्चा, भरायची राहिलीच, आणि वर बाराचं काडतूस घालून चाप ओढतो. मग नळी फुटते, आणि नळीला ज्या हाताने धरलेलं असतं तो हातही. म्हणून तर वीसची काडतुसं पिवळीधमक करतात, की आंधळ्यालाही कळावं.

"मी काय आंधळा आहे का?" डेलमर म्हणाला.

"आंधळा नाहीस. हट्टी आहेस. एक तर तुझी राहील, नाहीतर माझी."

"डॅडींची बंदूक या घरातून जाणार नाही. मी मेल्यावर काय करायचं ते कर."

नोलाने पुढे वाद घातला नाही. हटवादी माणसाशी संसार करता करता कुठे थांबायचं हे तिला चांगलं कळत होतं. तिची वीस बोअर आली, आणि तह ठरला: पिवळी काडतुसं तिच्या खणात, लाल त्याच्या डब्यात, आणि दोघांनी एकमेकांच्या मालाला हात लावायचा नाही. डेलमर स्वतःवर बेहद्द खूश झाला. डॅडीही राहिले नि बायकोही.

फक्त एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. मागच्या दाराशी खुंटीवर एक जाडजूड जुना कोट लटकत असे. कोंबड्यांना दाणा घालायला, सरपण आणायला, कुत्रीला बाहेर सोडायला, जो बाहेर जाईल तो तोच चढवायचा. तो कोट ना त्याचा होता ना तिचा.

या हिवाळ्यात रेडिओने पुन्हा गोठत्या पावसाचा इशारा दिला. त्या दुपारी नोलाने कोट चढवला, कुंपणावर डबे ठेवून चार बार काढले आणि उरलेली पिवळी काडतुसं उजव्या खिशात तशीच विसरून आत आली. संध्याकाळी डेलमरने तोच कोट घालून सरपण आणलं आणि वेळेला हाताशी असावीत म्हणून मूठभर लाल काडतुसं डाव्या खिशात टाकली. दोघेही तयारीत होते, आणि दोघांनीही मिळून तह मोडला होता.

सकाळी उजाडलं तेव्हा सगळा डोंगर काचेचा झाला होता. वीज गेलेली, फोन मुका, रस्त्यावर ओकची झाडं आडवी. पण चुलीवर कॉफी उकळत होती, पावासारख्या मऊ, गरम बिस्किटांवर सॉसेजची ग्रेव्ही होती, आणि डेलमर मजेत होता. एवढी तयारी केल्यावर संकट आलं नसतं तर त्याला थोडं वाईटच वाटलं असतं.

नोला स्वतःचा चांगला कोट घालून, बर्फावर चुलीतली राख टाकत टाकत खुराड्यापर्यंत गेली. जराशाने कुत्री भुंकायला लागली, आणि मागोमाग नोलाची हाक आली.

"डेलमर! बंदूक आण! स्कंक पिसाळलाय!"

डेलमरने खिडकीतून बघितलं. मांजराएवढा काळापांढरा स्कंक भर उजेडात सरपणाच्या ढिगाकडून खुराड्याकडे येत होता. दारुड्यासारखा झोकांड्या खात, तोंडाला फेस. एरवी स्कंक माणसाला बघून शेपूट वर करतो, घाण फवारतो नि निघून जातो. हा जात नव्हता. नोला खुराड्याच्या दारात उभी, आणि रस्ता बंद, म्हणजे चावला तर दवाखाना नाही.

डेलमरने डॅडींची बंदूक उचलली, खुंटीवरचा कोट अंगात घुसवला, जाड हातमोजे चढवले. धावता धावता बंदूक बिजागरीपाशी दुमडून उघडली, उजव्या खिशात हात घातला, हाताला लागलं ते काडतूस आत सोडलं नि खटकन मिटवली. पाय घसरत होते. नोला निशाण्याच्या रेषेत येऊ नये म्हणून तो बाजूला सरकला, स्कंकच्या मागे ओंडक्यांचा ढीग येईल असा उभा राहिला. घोडा मागे ओढला, नेम धरला, चाप ओढला.

खट्.

काहीच नाही. त्याने बंदूक उघडली. आत काडतूस नव्हतं. 'गाढवा, भरलीच नाहीस,' तो स्वतःला म्हणाला. डावा हात खिशात गेला, लाल काडतूस बाहेर आलं, आत गेलं. घोडा पुन्हा मागे.

"थांब!" नोला ओरडली. "डेलमर, थांब! कोट कुठला घातलास?"

"आत्ता कोटाचं काय काढलंस?"

"माझी पिवळी आहेत त्या खिशात! खाली कर ती बंदूक!"

"अगं, तो तुझ्या पायाशी आलाय!"

"येऊ दे! चापावरून बोट काढ! माझी शपथ आहे तुला!"

स्कंक तिच्या बुटांपासून हातभर अंतरावर होता. डेलमरला तो नेमात स्पष्ट दिसत होता. एक बोट ओढलं की काम संपलं. आणि याच माणसाने जन्मात कधी बायकोचं पहिल्या हाकेला ऐकलं नव्हतं. पण तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की त्याचं बोट आपोआप चापावरून निघालं. त्याने घोडा अंगठ्याने अलगद खाली आणला आणि बंदूक जमिनीकडे वळवली.

तेवढ्यात नोलाने काय करावं? खुराड्याच्या दाराशी पत्र्याचा जुना धुण्याचा टब होता, कोंबड्या त्यात धुळीत लोळायच्या. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, धुळीसकट स्कंकवर पालथा घातला, आणि ऑपरेशन झालेल्या खांद्याची पर्वा न करता वरून त्याच्यावर बसली. आतून खडबड झाली, मग फुस्स झालं, मग असा वास आला की कुत्री शेपूट घालून पडवीखाली पळाली.

"चावला का? नोला! चावला का?"

"नाही. बुटाला दातसुद्धा लागला नाही." ती धापा टाकत होती. "आता ती बंदूक उघड नि नळीतून बघ."

डेलमरने बंदूक उघडली. लाल काडतूस काढून खिशात ठेवलं. मग नळी आभाळाकडे उचलून मागच्या बाजूने डोळा लावला.

आभाळ दिसलं नाही. नळीत काळोख होता.

तेव्हा त्याला डॅडी आठवले. डॅडी दर वेळी भरण्याआधी हेच करायचे. बंदूक दुमडून उघडायची, आभाळाकडे धरायची, डोळा लावायचा नि म्हणायचे, "आहे आभाळ." दोघे भाऊ लहानपणी त्यांची नक्कल करून हसायचे. डेलमरला वाटायचं, ही म्हाताऱ्याची एक सवय, कुणी टोपी झटकतं तशी. बंदूक त्याने घेतली, जिवापाड जपली, दरवर्षी तेल दिलं. आणि एवढी एकच गोष्ट घेतली नाही.

त्याने पडवीतला लाकडी गज आणला आणि पुढच्या तोंडातून हलक्या हाताने दाबला. पिवळं काडतूस मागून सुटून बर्फावर पडलं. ते बघून तो तिथेच ओंडक्यावर बसला.

"नोला," तो म्हणाला, "माझा हात गेला असता."

"हात? थोबाड गेलं असतं!" टबावर बसल्या बसल्या ती हसली, मग एकदम रडायला लागली. "आणि मी इथून बघत बसले असते, मूर्खा. काडतुसं मीच विसरले त्या खिशात. आयुष्यभर तेच उगाळत बसले असते मी."

"लाल मी टाकली तिथं," डेलमर म्हणाला. त्याच्याही डोळ्यांना धारा लागल्या होत्या. वासाने, असं तो म्हणाला असता, पण म्हणाला नाही. जीव भांड्यात पडणं काय असतं हे त्याला त्या ओंडक्यावर कळलं.

"बोलत काय बसलास? वास मला मारतोय. माझी वीस आण. आणि डोकं सोडून मारायला हवं, पिसाळल्याच्या तपासणीला डोकंच पाठवावं लागतं."

त्याने तिची बंदूक आणली. तिने उघडली, पिवळं काडतूस तळहातावर ठेवून नीट बघितलं, मग आत घातलं. ती बाजूला झाली आणि डेलमरने लांब दांड्याच्या दाताळ्याने टब उलटवला. नोलाने एकच बार काढला आणि काम झालं.

"खांदा?" त्याने विचारलं.

"शाबूत आहे."

कोट मात्र मेला. किती धुतला तरी वास जाईना, म्हणून शेवटी डेलमरने खिसे नीट रिकामे करून तो अंगणातल्या पिंपात जाळून टाकला.

दोन दिवसांनी रॉइस झाडं कापत कापत, करवत खांद्यावर टाकून त्यांच्या दारापर्यंत पोचला आणि फाटकातच नाक धरून उभा राहिला.

"काय रे, हिवाळ्यात आंघोळीची बंदी आहे का या घरात?"

"आत ये, म्हाताऱ्या. कॉफी आहे."

"इथंच दे. तुझ्या घराचा वास चुकवायला मी बर्फातही बसेन."

डेलमर आत गेला. नोलाला वाटलं कॉफी आणेल. तो एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात डॅडींची बंदूक घेऊन बाहेर आला. बगलेत लाल काडतुसांचा डबा होता, भरलेला, त्याच्या घरातलं शेवटचं लाल काडतूससुद्धा त्यात होतं.

"ही तू घे," तो म्हणाला.

रॉइसने कॉफीलाही हात लावला नाही. "हे काय आता? मरायला टेकलास का?"

"टेकलो होतो परवा. नोलाने परत आणलं." मग त्याने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. "तुझ्या घरात सगळ्या बाराच्याच आहेत. माझ्या घरात नोलाची वीस राहणार. आणि खरं सांगू? डॅडींनी ही तुझ्याकडेच द्यायला हवी होती."

"डॅडींना काय हवं होतं ते डॅडींना माहीत," रॉइस म्हणाला. या वेळी त्याने नजर मात्र दुसरीकडे वळवली नाही. त्याने हातमोजे काढून खिशात कोंबले आणि बंदूक हातात घेतली. दस्त्यावरून अंगठा फिरवला. मग कुणी न सांगता ती दुमडून उघडली, नळी झाडांच्या वर धरली आणि डोळा लावला.

डेलमर बघत राहिला. म्हणजे इतकी वर्षं डॅडींची बंदूक आपल्याकडे होती, तरी हा स्वतःच्या बंदुकांवर रोज हेच करत आला होता.

"आहे आभाळ," रॉइस म्हणाला.

डेलमरच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याला वाटत होतं घर रिकामं होईल, पण वाटलं उलटंच. मागे दारात नोला उभी होती. तिने दोघांना हाक मारली, की वास असो नसो, बिस्किटं निवायला लागली आहेत.