इन्व्हर्टरची शिट्टी

आलापल्लीच्या पुढे, सागवनाच्या ऐन मध्यात, नीलिमाच्या गाडीतला इन्व्हर्टर शिट्टी मारू लागला आणि मागच्या पलंगावर तिच्या वडिलांचं, दादाजींचं, ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं.

जुनी मिनीबस घेऊन तिने तिचं घर केलं होतं. पलंग, शेगडी, पलंगाखाली मोठी बॅटरी. दादाजींना सिरोंच्याला बहिणीला भेटायचं होतं आणि मशीनशिवाय तर उंबरठासुद्धा ओलांडवत नव्हता, म्हणून हा सगळा खटाटोप. आता तिने गाडी कडेला थांबवली. तिने त्यांना छोट्या सिलिंडरवर घेतलं, पण त्याचाही काटा तळाला टेकत आला होता. मोबाइलला रेंज नव्हती. हवी तेव्हा ती कधी असते?

“गाडी चालू करून पाय ना व,” अंजनाबाई, तिची आई, रडवेली झाली.

पाहिली. इंजिन चालू, शिट्टीही चालू. नीलिमाने बॅटरीला मीटर लावला. बॅटरी ठणठणीत होती. मग करंट अडतो कुठे मेला? ती एकेक जोड चाचपत गेली. लाल वायरच्या क्लँपला बोट लागलं आणि चटका बसला.

इन्व्हर्टर बंद करून तिने पाना लावला. तापून गच्च बसलेला नट हलेना. मागे सिलिंडर संपलं. दादाजींचे ओठ निळे पडू लागले, अंजनाबाई त्यांची छाती चोळू लागली. नीलिमाने सगळा भार पान्यावर टाकला तेव्हा कुठे नट सुटला. क्लँपखाली जळून काळा पडलेला पूजेचा नाडा होता.

“दसऱ्याले मीच बांधला,” अंजनाबाई म्हणाली. “वरून निसटे, म्हून नट ढिला करून खाली घातला. त्यायच्या जीवासाठीच व माय...”

बोलायला वेळ नव्हता. नीलिमाने नाडा खरवडला, बॅटरीचं टोक घासून लख्ख केलं, क्लँप आवळला, बटण दाबलं. मशीन घुरघुरलं. नळी नाकाला लागली आणि दादाजींची छाती वर आली. तेव्हा मात्र तिचा तोल गेला.

“आई, तुले काई समजते का नाई? बाबा गेले असते आता!”

दादाजींनी हात वर केला.

“तिले... बोलू नको. मीच... सांगतलं होतं... बांधाले.”

दसऱ्याला दादाजी चंद्रपूरच्या दवाखान्यात बेशुद्ध होते. तिघांनाही ते ठाऊक होतं. परत आलेला पहिला श्वास त्यांनी बायकोसाठी खोटं बोलण्यात घालवला होता. नीलिमाला रडू फुटलं. डोळे पुसून ती स्टिअरिंगवर जाऊन बसली.